आल्बुला घाट, सायकलवर

स्वित्झर्लंडमध्ये रोडबाइक चालवायची असेल तर पार्क एला या नेचर पार्कातला आल्बुला घाट कराच, तीफेनकास्टेलवरून निघायचं, फिलिझुर, मग दरीला चिकटलेला अरुंद रस्ता आणि वर बेर्ग्युन, तिथे बाटल्या भरून घ्या. खरी मजा त्याच्यापुढे प्रेडापर्यंत, १९०३ सालची रेल्वे डोंगरात गोल गोल फिरत चढते आणि तीच लाल गाडी कधी डावीकडे दिसते कधी उजवीकडे, मी तर दोनदा थांबून बघत बसलो! हाच रस्ता हिवाळ्यात बंद करून त्यावर स्लेज चालवतात. माथा २३०० मीटरच्या वर आहे, जॅकेट न्याच. जवळच्या युलिअर घाटात गाड्या जास्त, मला आल्बुलाच आवडतो.