पथारीवरची सोनबाई

शाळेत असेपर्यंत माझी वेणी आजीनं घातली. आईनं कधीच नाही. आई नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, मजुरीला जायची, आणि मिरचीचा हात कितीही धुतला तरी पोरांच्या डोळ्यांजवळ नेता येत नाही. संध्याकाळी घरी आली की ती हाताला गोडेतेल चोळून ओट्यावर बसून राहायची. मला तिच्या लुगड्याच्या वासाची लाज वाटायची. वर्गात कुणी विचारलं तर मी सांगायचे, "आई घरीच असते."

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेतून फोन आला तेव्हा मला आधी आठवला तो १५ डिसेंबर १९८६चा सोमवार. आम्ही दहावीत होतो. मराठीच्या बाई वर्गात आल्या त्या पुस्तकाऐवजी वर्तमानपत्र घेऊन. स्मिता पाटील शनिवारी गेली होती. वय एकतीस. बाळंत होऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले.

आमच्यातल्या बऱ्याच जणींनी तिचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. पण नाव ठाऊक होतं, कारण तिचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. नंदुरबारचा वेगळा जिल्हा १९९८ साली झाला. त्याआधी आपण सगळे धुळे जिल्ह्यातलेच. घरी मी बातमी सांगितली तर आजी म्हणाली, "आपली शिरपूरनी पोर व्हती ती." आणि घरातलं माणूस गेल्यासारखी गप्प बसली.

बाईंनी त्या दिवशी व्याकरण घेतलं नाही. त्यांनी स्मिताचा 'उंबरठा' सांगितला, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत. १९८२ साली जब्बार पटेलांचा हा चित्रपट आला तेव्हा त्यांनी तो धुळ्याला पाहिला होता. वकिलाची बायको, भरलं घर, लहान मुलगी, आणि हे सगळं मागे ठेवून सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षिका म्हणून परगावी जाते. तिथल्या बायकांसाठी भांडते, हरते, घरी परत येते, तर घर तिचं राहिलेलं नसतं. ती पुन्हा निघते. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "बाई, मुलीला टाकून गेली म्हणजे ती वाईट ना?" बाईंनी उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, "घरी जाऊन आईला विचारा." मी विचारलं नाही. आईशी असं काही बोलता येतं, हेच मला माहीत नव्हतं.

मग बाईंनी स्मिताबद्दल सांगितलं. आई विद्याताई परिचारिका आणि समाजकार्यकर्त्या, वडील स्वातंत्र्यसैनिक, आणि ती स्वतः राष्ट्र सेवा दलात वाढलेली. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणाऱ्या या सावळ्या मुलीला श्याम बेनेगलांनी चित्रपटात आणलं. 'मंथन'साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, हे ऐकून वर्गातल्या डेअरीवर दूध घालणाऱ्या घरच्या मुली ताठ बसल्या. 'भूमिका' आणि 'चक्र' या दोन चित्रपटांसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, १९८५ साली पद्मश्री. हे बाईंनी भरभर सांगितलं. थांबल्या त्या 'चक्र'वर. झोपडपट्टीतली बाई उभी करायची म्हणून ती मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये गेली, तिथल्या बायका बसतात कशा, बोलतात कशा, हे तिनं पाहिलं. त्याच चित्रपटातलं तिचं अंघोळीचं दृश्य मोठ्या फलकांवर लावून तिकिटं खपवली गेली, तेव्हा तिनं त्याबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली. मुंबईच्या विमेन्स सेंटरमध्ये ती काम करायची, हे मला पुढे वाचनातून कळलं.

मला वाटतं, तिचा अभिनय आणि तिचं काम अशी दोन खाती नव्हतीच. ज्या बाईकडे कुणी वळून पाहत नाही तिच्याजवळ जाऊन बसायचं, हे ती दोन्हीकडे करत होती. पुढे तिनं व्यावसायिक सिनेमे केले म्हणून नावं ठेवणारे मला आजही भेटतात. मला ते पटत नाही. मोठ्या पडद्यावर लोकांनी तिला ओळखलं, म्हणून तर तिचे छोटे सिनेमे आमच्यासारख्यांपर्यंत पोचले.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात बाईंनी स्वतः लिहिलेली नाटिका होती, पथारीवरच्या मजूर बायकांवर. मुख्य काम त्यांनी मला दिलं. तालमीत मी हातवारे करून मोठमोठ्यानं बोलायला लागले तशी त्यांनी मला थांबवलं. "तू मिरची खुडताना कुणाला पाहिलं आहेस का?" मी मान खाली घातली. त्यांना माहीत होतं. त्या चारचौघींत काही बोलल्या नाहीत. तालीम संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "रविवारी आईबरोबर जा. काही करू नकोस. नुसती बघ."

रविवारी मी गेले. नजर पोचेल तिथपर्यंत लाल. ओली मिरची उन्हात पसरलेली आणि तिच्या कडेनं बायकांच्या रांगा. पांढरी पडलेली फटकी मिरची एका बाजूला, चांगली दुसऱ्या बाजूला. पहिल्या पाच मिनिटांत मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी. आईनं पदराचं टोक नाकावरून घेऊन कानामागे खोचलं होतं, आणि ती खुडत होती. डाव्या हातात मिरची, उजव्या अंगठ्याच्या नखानं देठ मोडायचा, मिरची पुढे, देठ मांडीखाली. तिची मान हलत नव्हती. खोकला आला की ती हात न थांबवता तोंड खांद्याकडे वळवायची. नख अर्धं झिजून गेलेलं. एवढी वर्षं मी त्या हातांच्या वासापासून लांब सरकत होते, पण ते हात मी पाहिले नव्हते.

नाटिकेत मी तोंड खांद्याकडे वळवून खोकले. प्रेक्षकांत पथारीवरच्या बऱ्याच बायका होत्या. सगळा मांडव शांत झाला. नाटिका संपल्यावर बाईंनी माईकवरून माझ्या आईचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "हे काम हिला तिनं शिकवलं."

दहावीनंतर मी नर्सिंगला गेले. विद्याताई परिचारिका होत्या, हे बाईंनी सांगितलेलं वाक्य अर्ज भरताना डोक्यात होतं. नोकरीची बहुतेक वर्षं सातपुड्यातल्या उपकेंद्रांत गेली. बाळंतपण सुखरूप झालं की घरचे निश्चिंत होतात, पण बाळंतिणीला धोका पुढे बेचाळीस दिवस असतो. आमच्या आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जातात. चौदाव्या दिवसाची भेट चुकली असं कळलं की मला करमत नाही. मग मी स्वतः निघते, पाडा कितीही वर असला तरी. शिरपूरची ती पोर पंधराव्या दिवशी गेली होती.

'मिर्च मसाला' तिच्या मृत्यूनंतर, १९८७ साली आला. मी तो पाहिला पुढे पाच-सहा वर्षांनी, माझ्या पगारातून घेतलेल्या टीव्हीवर, आईबरोबर. गुजरातेतलं गाव, इंग्रजी अंमल, सुभेदाराला नकार देऊन मिरचीच्या कारखान्यात आसऱ्याला आलेली सोनबाई. कारखान्याचा म्हातारा चौकीदार अबू मियाँ दार उघडत नाही. शेवटी बायका सुभेदाराच्या डोळ्यांत मिरचीची पूड फेकतात आणि सोनबाई हातात विळा घेऊन उभी राहते. मला वाटलं होतं, आईला हा शेवट आवडेल.

तिचं लक्ष तिथे नव्हतं. आतल्या बायका सोनबाईवरच चिडतात, तू जा म्हणजे आम्ही सुटू असं तिला म्हणतात, ते दृश्य आल्यापासून ती पदर तोंडाला लावून बसली होती. सिनेमा संपला. मी टीव्ही बंद केला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आमच्यातली एक गेली होती अशी. मुकादमानं बोलावलं, तर आम्हीच म्हटलं, जा बाई."

आणि मग तिनं त्या बाईचं नाव माझ्याजवळ पहिल्यांदा घेतलं.