बी पिकायच्या आधी खुडलेलं फूल

कपाटातून फोल्डर काढताना मी श्वास रोखून धरते. सवयच झाली आहे, कारण वाळलेल्या पाकळीला एक फुंकरही पुरते. फिलाडेल्फियाच्या नॅचरल सायन्सेस अकादमीत ल्युईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतले, म्हणजे १८०४ ते १८०६ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडचा मुलूख धुंडाळून आलेल्या तुकडीने गोळा केलेले, दोनशेहून जास्त वनस्पतींचे नमुने आहेत. यातले काही पर्श नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने लंडनला नेले होते. बाकीचे याच शहरात विस्मृतीत पडून होते, ते १८९६ मध्ये सापडले. माझं काम एकेका कागदाची स्थिती तपासून फोटो काढायचं.

त्या दिवशी हातात आली क्लार्किया पुलकेला. रंग उडालेला, देठ काडीसारखे. लेबलावर तारीख १ जून १८०६.

मी ल्युईसची त्या दिवसाची रोजनिशी उघडली. परतीच्या वाटेवरचे डोंगर बर्फाने अडलेले, म्हणून मंडळी आजच्या आयडाहोत, नेझ पर्स या मूळनिवासी लोकांच्या मुलखात, क्लिअरवॉटर नदीकाठी तळ ठोकून होती. अशा खोळंब्यात हा माणूस एका फुलाचं मूळ, देठ, पानं, पाकळ्या, पुंकेसर सगळं बारकाईने लिहितो आणि शेवटी हळहळतो, की बी अजून पिकलेलं नाही आणि आपण इथे असेपर्यंत बहुधा पिकणारही नाही. ते वाचून मला पुढचं काम काही वेळ सुचेना. नमुने मीही गोळा केले आहेत. बी मिळालं नाही की कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे.

रात्री साताऱ्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती. बाबांनी तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं.

"बाबा, ब्राउनियन गतीचं फूल आज पाहिलं मी."

"म्हणजे?"

"१८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउनने पाण्यात परागकण पाहिले ना, ते याच जातीचे. आणि पाण्यात सतत वेडेवाकडे हलत होते ते परागकण नव्हेत, त्यांच्या आतले बारीक कण."

"ते आतलं मला माहीत आहे गं," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "पण बी पिकलं नव्हतं म्हणतेस. मग ब्राउनकडे झाड आलं कुठून?"

ल्युईसनंतर वीसेक वर्षांनी डेव्हिड डग्लस हा वनस्पती गोळा करणारा स्कॉटिश माणूस अमेरिकेच्या त्याच वायव्य भागात हिंडला. त्याने पाठवलेल्या बियांतून ही क्लार्किया इंग्लंडच्या बागांत रुजली. हे सांगितल्यावर पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

"पाकळ्या किती?"

"चार. प्रत्येकीला तीन बोटं. ताजी असते तेव्हा गुलाबी-जांभळी."

"मी पोरांना नुसतं 'एका फुलाचे परागकण' एवढंच सांगत आलो," बाबा म्हणाले. "थांब, वही घेतो. नाव सावकाश सांग."