येणारा-जाणारा बिघाड आणि जुन्या सेटमधले काळे पडलेले कॉन्टॅक्ट

गोव्यात पावसाळा सुरू झाला की हौशी रेडिओच्या जुन्या सेटांच्या तक्रारी वाढतात आणि त्या बहुधा एकाच स्वरूपाच्या असतात. काल ७ मेगाहर्ट्झवर सगळे नीट ऐकू येत होते, आज सेट बहिरा झाला आहे. वरून थाप मारली की क्षणभर बोलतो आणि पुन्हा गप्प होतो. अशा वेळी अनेक जण ट्रान्झिस्टर किंवा व्हॉल्व्ह बदलायला निघतात, नाहीतर आतल्या ट्रिमरना, म्हणजे जुळणीच्या छोट्या स्क्रूंना, स्क्रूड्रायव्हर लावतात, आणि मग मूळ बिघाडाच्या जोडीला बिघडलेले अलाइनमेंटही (ही आतली जुळणी) दुरुस्त करावे लागते. निकामी झालेला भाग सहसा निकामीच राहतो. जो दोष येतो आणि जातो, तो बहुतेक वेळा दोन धातू केवळ टेकून उभे असतात अशा जागी असतो. आणि याएसू एफटी-१०१ किंवा केनवुड टीएस-५२० यांसारख्या १९७० च्या दशकातल्या सेटांत रिले (विद्युतचुंबकाने हलणारा स्विच), बँड स्विच, व्हॉल्व्हचे सॉकेट, प्लग आणि चासिसला अर्थ देणारे स्क्रू अशा कितीतरी जागा असतात.

यांतल्या बऱ्याच कॉन्टॅक्टवर चांदीचा मुलामा असतो. चोडण-दिवाडीच्या बाजूला ओहोटीच्या वेळी खाजनांच्या आणि खारफुटीच्या चिखलातून जो कुबट वास येतो, तो मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि चांदी काळी पडते ती याच वायूमुळे. हवा दमट असली की ही क्रिया अधिक वेगाने होते. तयार होणारा सल्फाइडचा थर अतिशय पातळ असतो, पण ग्रहणाच्या बाजूला तेवढाही पुरेसा ठरतो. सेटच्या मीटरवर जोरदार सिग्नलची खूण असलेला एस-९ म्हणजे ५० ओहमवर अवघे ५० मायक्रोव्होल्ट, तर १०० वॅट प्रक्षेपण करताना त्याच ५० ओहमवर सुमारे ७० व्होल्ट असतात. अँटेनाला कधी ग्रहणाशी तर कधी प्रक्षेपणाशी जोडणाऱ्या अँटेना रिलेचा प्रक्षेपणाचा कॉन्टॅक्ट एवढ्या दाबाखाली तो थर भेदून जातो, परंतु ग्रहणाचा कॉन्टॅक्ट वेगळा असतो आणि त्याच्या वाट्याला असा प्रवाह कधीच येत नाही. म्हणूनच पीटीटी (बोलताना दाबायचे बटण) दाबून सोडले की सेट पुन्हा ऐकू लागतो: रिलेची पात परत येताना कॉन्टॅक्टवर किंचित घासते आणि थर तेवढ्यापुरता फाटतो. हे लक्षण दिसले तर मी दुसरीकडे कुठे पाहण्याआधी रिलेकडे पाहतो.

तरीही झाकण उघडताच सगळीकडे स्प्रे मारण्याची सवय मला घातक वाटते. त्याने दोष काही दिवस दबतो, तो नेमका कुठे होता हे कळत नाही आणि पुढच्या पावसात तो पुन्हा उभा राहतो. बिघाड आधी आपल्या हुकमाने घडवता आला पाहिजे. तो ग्रहणात आहे की प्रक्षेपणातही आहे, एकाच बँडवर आहे की सर्वांवर, सेट थंड असताना आहे की तापल्यावर, हे लिहून ठेवावे. अँटेना काढून तिच्या जागी डमी लोड (५० ओहमचा रोधक) लावल्यावरही खरखर राहिली, तर अँटेना आणि केबल संशयातून सुटतात. जुन्या सेटांतला कॅलिब्रेटर (डायल तपासण्यासाठी आतच ठरावीक सिग्नल देणारा भाग) इथे फार उपयोगी पडतो, कारण त्याचा सिग्नल बहुधा अँटेना रिलेच्या पुढे, ग्रहणाच्या बाजूला सोडलेला असतो. पेडण्याच्या एका स्नेह्यांच्या टीएस-५२० मध्ये कॅलिब्रेटरची शिट्टी खणखणीत वाजत होती आणि बाहेरचे सिग्नल मात्र पुसट येत होते. तेवढ्यावरून दोष अँटेनाचा सॉकेट ते रिले एवढ्या टप्प्यात आहे हे ठरले.

त्यानंतर सेट चालू ठेवून बांबूच्या वाळलेल्या काडीने एकेक भाग हलके ठोकून पाहावा. या सेटांच्या शेवटच्या व्हॉल्व्हना ६०० व्होल्ट आणि त्याहून अधिक दाब असतो, त्यामुळे दुसरा हात सेटपासून दूर ठेवावा, आणि सेट बंद केल्यावरही कपॅसिटर रिकामे झाले आहेत हे मीटरने मोजल्याशिवाय आत बोट घालू नये. तापल्यावर येणारा दोष शोधण्यासाठी हेअर ड्रायर चांगला. फ्रीझर स्प्रे मात्र आपल्या हवेत जपून वापरावा, कारण थंड झालेल्या भागावर लगेच दव धरते आणि त्या ओलाव्यानेच नवी खरखर सुरू होते.

जागा सापडली की साफसफाई सोपी, पण ती हळुवारपणे करावी. रिलेसाठी जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टच्या मधून ओढावी. पट्टीवर काळा डाग उमटायचा थांबेपर्यंत पट्ट्या बदलत राहाव्यात. पॉलिश पेपर किंवा कानस कधीही लावू नये, कारण मुलामा गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि तो कॉन्टॅक्ट पुन्हा विश्वासाचा राहत नाही. हात धुण्याच्या सॅनिटायझरमध्ये पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असते, म्हणून तो अल्कोहोलऐवजी चालत नाही. बँड स्विचच्या फिनॉलिक चकत्या द्रव शोषून घेतात, म्हणून तिथे बारीक ब्रशने कॉन्टॅक्टपुरता क्लीनरचा थेंब लावावा आणि स्विच अनेकदा फिरवावा. एफटी-१०१ ची प्लग-इन बोर्डे बाहेर काढून कडा पुसून पुन्हा बसवली, एवढ्यानेच बरे झालेले सेट मी पाहिले आहेत. बोर्डांचे अर्थचे स्क्रू सैल करून पुन्हा आवळणे हेही याच कामात मोडते.

सगळेच येणारे-जाणारे दोष कॉन्टॅक्टचे नसतात. तडा गेलेले सोल्डर भिंगातून वलयासारखे दिसते, आणि केनवुड टीएस-४४०एस मध्ये व्हीसीओवर (व्होल्टेजने वारंवारता बदलणाऱ्या ऑसिलेटरवर) ओतलेला चिकट पदार्थ काळाने विद्युतवाहक होतो, मग डिस्प्लेवर आकड्यांच्या जागी नुसते ठिपके दिसतात.

१३.८ व्होल्टवर चालणाऱ्या नंतरच्या सेटांत मात्र आतल्या बोर्डांना हात लावण्यापूर्वी फ्यूज होल्डर तपासावा. १०० वॅट प्रक्षेपण करताना असा सेट सुमारे २० अँपिअर घेतो. गंजलेल्या होल्डरमध्ये ०.०५ ओहम जरी रोध असला तरी तिथे एक व्होल्ट खर्च होतो, आणि बोलताना आवाज विकृत होणे किंवा सेट मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होणे हे त्यातून येते. सेट प्रक्षेपण करत नसताना हा दोष मीटरला दिसत नाही. म्हणून डमी लोडवर वाहक लहर (कॅरियर) प्रक्षेपित करत, मीटरचे एक टोक पॉवर सप्लायच्या टर्मिनलला आणि दुसरे सेटच्या मागच्या प्लगला लावून, आधी धन तारेवर आणि मग ऋण तारेवर किती व्होल्ट हरवतात ते मोजावे.