सायलेन्सरचा पाइप चमकवायचाय? आधी चुंबक लावा

पाइपला पॉलिश पेपर लावण्याआधी त्याच्या सरळ भागावर चुंबक टेकवून बघा. (वाकवलेल्या जागी चांगलं स्टेनलेसही किंचित ओढतं, त्यामुळे फसगत होते.) चुंबक चिकटला नाही तर बहुधा 304 ग्रेडचं स्टेनलेस आहे. त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, आणि त्याचा अगदी आरसा होतो. चिकटला तर ते 409 ग्रेडचं स्टेनलेस असेल, म्हणजे क्रोमियम जेमतेम 11 टक्के आणि वरून तपकिरी पडणारच. नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेलं साधं पोलाद किंवा क्रोमचा मुलामा दिलेलं टोक. मुलाम्यावर पॉलिश पेपर अजिबात चालवायचा नाही. एकदा तो निघाला की खालचं पोलाद गंजायला मोकळं. तिथे शॅम्पू, मऊ फडकं आणि थोडं मेटल पॉलिश, एवढंच.

पाइप पूर्ण गार असू द्या. तोंडात फडक्याचा बोळा घाला, त्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवा. डीग्रीझर (तेलकट मळ सोडवणारं द्रावण) मारून पाच मिनिटं थांबा आणि नायलॉनच्या ब्रशने काजळी काढा.

उरलेला पिवळा-निळा रंग म्हणजे मळ नव्हे. तापल्यामुळे धातूवर जमलेला तो ऑक्साइडचा थर आहे. साधारण 300 अंश सेल्सियसच्या आसपास पिवळट छटा येते, 500 च्या पुढे निळी. साबणाने तो जात नाही, ऑक्झॅलिक आम्ल असलेल्या क्लीनरने फिका होतो. इंजिनाजवळच्या भागावर मात्र घाम गाळू नका, गाडी थोडी चालली की रंग परत येतो. मेहनत मागच्या डब्यावर आणि टोकावर करावी.

लोखंडी तारेची घासणी दूर ठेवा. तिचे कण धातूत रुततात आणि पाऊस लागला की तिथेच गंजाचे ठिपके उठतात. ब्लीच आणि हायड्रोक्लोरिक आम्लही नको, क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात.

खोल चरे असतील तर 400 नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करा, नाहीतर थेट 600, मग 800 आणि 1200. पेपर सतत ओला हवा. प्रत्येक नंबरला दिशा बदला: 400 पाइपभोवती, 600 लांबीने, 800 पुन्हा भोवती. आधीच्या नंबरच्या आडव्या रेघा एकूण एक गेल्याशिवाय पुढचा पेपर हातात घेऊ नका. काम बहुतेक वेळा इथेच बिघडतं: 400 ची राहिलेली एक रेघ ओल्या पाइपवर दिसत नाही, बफ मारल्यावर लख्ख दिसते आणि पुन्हा मागे जावं लागतं. म्हणून दर नंबरनंतर पाइप कोरडा पुसून तिरप्या उजेडात बघा.

बफिंगसाठी (फिरत्या चाकाने चमक आणण्यासाठी) आधी सिसलचं, म्हणजे जाड वनस्पती-धाग्याचं, चाक आणि कटिंग कंपाउंड (चरे काढणारी पॉलिशची वडी), मग कापडी चाक आणि बारीक पॉलिशची हिरवी वडी. वडी चाकाला क्षणभर टेकवली तरी पुरते, जास्त झाली की काळे पट्टे ओढले जातात. वेग मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या आसपास ठेवा. साधा अँगल ग्राइंडर 11000 च्या घरात फिरतो, तो इथे नको. स्टेनलेसमधून उष्णता लवकर पसरत नाही, त्यामुळे चाक एका जागी थांबलं की तिथेच पिवळा डाग. पाइपच्या कडेला चाक कडेवरून बाहेर जाईल अशा दिशेने धरा, उलट धरलं तर ते अडकून हातातून उसळतं. डोळ्यांवर गॉगल हवाच.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने फडकं काळं होईनासं होईपर्यंत पुसा आणि नंतर उघडा हात लावू नका, बोटांचे ठसे पहिल्याच तापण्यात भाजून बसतात. अल्कोहोल पूर्ण उडाल्यावर आणि तोंडातला बोळा काढल्यावरच इंजिन चालू करा. गाडीच्या रंगाचं मेण इथे लावू नका, ते जळून डाग पडतात.