उंदराच्या प्रतिपिंडापासून मानवी औषधापर्यंत

दापोली तालुक्यातील आमच्या गावी आत्या आमवातासाठी दर पंधरवड्याला अडॅलिमुमॅबचे ४० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घेते. हे औषध म्हणजे एक प्रतिपिंड (अँटिबॉडी), म्हणजे एका ठरावीक रेणूला चिकटून त्याला रोखणारे प्रथिन. त्याचा इतिहास वाचताना जाणवते की त्यातला उंदराचा अंश काढून टाकायला संशोधकांना पाव शतकाहून अधिक काळ लागला.

१९७५ मध्ये केंब्रिज येथे कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे बनवण्याची रीत शोधली. ती प्रतिपिंडे उंदराची असल्यामुळे माणसाचे शरीर त्यांना परके ठरवून त्यांच्यावरच उलटत असे, आणि त्यामुळे वर्षानुवर्षे घ्यायच्या औषधासाठी ती फारशी कामाची नव्हती. पुढे लंडनमध्ये फेल्डमन आणि मैनी यांनी आमवाताची सूज टीएनएफ हा शरीरातला सूज वाढवणारा रेणू रोखून आटोक्यात येते हे रुग्णांवर दाखवले, पण त्यांनी वापरलेले इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिपिंडही अंशतः उंदराचेच होते.

संपूर्ण मानवी प्रतिपिंड मिळवण्याची वाट ब्रिटिश संशोधक ग्रेग विंटर यांच्या पद्धतीने खुली झाली. तीत मानवी प्रतिपिंडांचे असंख्य तुकडे जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंच्या पृष्ठभागावर मांडतात, टीएनएफला चिकटणारे तेवढे वेचतात आणि बाकीचे धुऊन टाकतात. गंमत म्हणजे अडॅलिमुमॅबच्या निवडीला दिशा देण्यासाठी उंदराच्याच प्रतिपिंडाचा आधार घेतला गेला: त्याचा एक भाग ठेवून त्याला जुळणारा मानवी भाग शोधला, मग उरलेला भागही बदलला. ३१ डिसेंबर २००२ रोजी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि २०१८ मध्ये विंटर यांना रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

भारतात २०१४ च्या अखेरीस झायडस या औषध कंपनीने याचे बायोसिमिलर (मूळ औषधाशी अगदी मिळतीजुळती आवृत्ती) आणले. मात्र हे औषध फ्रीजमध्ये २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते, आणि जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला विसरता येत नाही.

संपूर्ण मानवी असूनही काही रुग्णांच्या शरीरात या औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतातच; मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे दुसरे औषध सोबत दिल्यास ते प्रमाण घटते. माझ्या मते आपल्याकडे त्याहून मोठा प्रश्न क्षयाचा आहे. शरीराने गाठींमध्ये कोंडून ठेवलेल्या क्षयजंतूंना तिथेच अडकवून ठेवायला टीएनएफ लागते, आणि तेच रोखल्यावर वर्षानुवर्षे निपचित पडलेला संसर्ग उसळू शकतो. म्हणून पहिल्या इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी केवळ औपचारिकता म्हणून उरकू नये, आणि नंतरही खोकला किंवा ताप रेंगाळला तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना गाठावे.