ग्रंथसंग्रह सॉफ्टवेअर, नोंद ४ : कारभाराची कामे वेगळी काढताना

सामायिक ग्रंथसंग्रहासाठी फावल्या वेळात लिहीत असलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये या वेळी नवी सोय एकही आलेली नाही. गेले सहा आठवडे वाचकाची कामे आणि प्रशासकाची कामे एकमेकांपासून वेगळी करण्यात गेले, आणि त्यांपैकी निम्मा वेळ तरी मी चुकीच्या जागी रेघ ओढत होतो.

निमित्त झाले ते माझ्याच हातून घडलेल्या चुकीचे. विषयांच्या यादीत प्रत्येक विषयापुढे ‘लपवा’ आणि ‘काढून टाका’ ही दोन बटणे शेजारीशेजारी होती. पहिल्याचा परिणाम केवळ स्वतःच्या यादीपुरता, तर दुसऱ्याचा सर्वांसाठी. पुस्तके घेणे आणि संग्रहाचा कारभार पाहणे ही दोन्ही कामे मी एकाच खात्यातून करत असल्यामुळे, एका रात्री माझी यादी आटोपशीर करताना मी दुसरे बटण दाबले आणि दोनशेहून अधिक पुस्तकांचा विषय सगळ्यांसाठीच कोरा झाला. आदल्या दिवशीचा बॅकअप होता म्हणून निभावले.

पहिला उपाय उघड वाटला, तो म्हणजे प्रशासक नसलेल्यांना ते बटण दाखवायचेच नाही. त्याप्रमाणे सगळे पडदे बदलूनही झाले. मात्र बटण दाबणारा मीच होतो आणि मी प्रशासकच होतो, हे ध्यानात यायला लाज वाटावी इतका वेळ लागला. साल्टझर आणि श्रोडर या संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांनी १९७५ साली मांडलेल्या किमान अधिकाराच्या तत्त्वानुसार प्रत्येक प्रोग्रॅमने आणि प्रत्येक वापरकर्त्याने हातातील काम पुरे करण्यास लागतील तेवढेच अधिकार वापरावेत. मी त्यातला ‘वापरकर्ता’ तेवढा उचलला होता आणि ‘काम’ निसटले होते.

म्हणून आता विभागणी माणसांची नसून कामांची आहे. बदलाचा परिणाम इतरांवर होतो का, हा पहिला प्रश्न. परंतु तेवढ्यावर भागत नाही, कारण पुस्तकाच्या नावातील शुद्धलेखन सुधारणे हेदेखील सर्वांना दिसते आणि त्यासाठी प्रशासकाची वाट पाहायला लावणे हा निव्वळ जाच आहे. बदल सहज उलटवता येतो का, हा दुसरा प्रश्न त्यामुळेच जोडावा लागला. नावातील दुरुस्ती वाचकाकडेच राहिली, तिला बदलांच्या इतिहासाची जोड मिळाली. विषय काढून टाकणे मात्र कारभाराच्या वेगळ्या पानावर गेले.

त्या पानावर जाताना प्रशासकालाही पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो. तो किती वेळा विचारावा, हा नाजूक भाग आहे. विंडोज व्हिस्टा २००७ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्यातील परवानगीच्या वारंवार होणाऱ्या विचारणेला लोक वैतागले होते, आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये त्या विचारणेसाठी चार पातळ्यांची सरकपट्टी द्यावी लागली. सतत विचारले की माणूस न वाचता ‘होय’ म्हणू लागतो. युनिक्स या संगणक-प्रणालीत प्रशासकाच्या अधिकाराने काम करू देणारी सुडो ही आज्ञा एकदा पासवर्ड घेतल्यावर काही मिनिटे पुन्हा विचारत नाही. मी तोच मार्ग धरून दहा मिनिटांची मुदत ठेवली आहे. तेवढा वेळ वरची पट्टी गडद होते आणि तिच्यावर ‘कारभार चालू’ असे शब्दही दिसतात, कारण नुसता रंग सर्वांना ओळखता येतोच असे नाही.

बटण लपवणे म्हणजे मनाई करणे नव्हे, हे मला ठाऊक होते, तरीही साध्या वाचकाच्या खात्यातून सर्व्हरकडे थेट विनंत्या पाठवून पाहिल्या तेव्हा कारभाराच्या कामांसाठी सर्व्हरवर असलेल्या १९ पत्त्यांपैकी ३ पत्त्यांनी निमूटपणे काम करून दिले. तिन्ही जुन्या आवृत्तीतले होते. आता तपासणी प्रत्येक पत्त्यावर स्वतंत्रपणे न लिहिता एकाच ठिकाणी होते, आणि ज्या पत्त्यावर परवानगी नोंदवलेली नाही तो आपोआप ४०३, म्हणजे ‘मनाई’, हे उत्तर देतो.

एक पान अजून अधांतरी आहे. वाचकाला स्वतःचे खाते कायमचे बंद करता यायला हवे; पण ते उलटवता येत नाही, आणि त्याच्याकडे एखादे पुस्तक बाकी असेल तर परिणाम इतरांवरही होतो. माझ्या दोन्ही प्रश्नांनुसार हे काम कारभाराच्या पानावर जाते, आणि ते तिथे मुळीच शोभत नाही. तूर्त पुस्तके परत आल्याखेरीज बटण चालू होत नाही, एवढीच तजवीज केली आहे.