पांढरा फासा

शनिवार, 17 जानेवारी. पिट्सबर्ग

आज शिकागोच्या 1906 च्या कब्जनी न्यूयॉर्कच्या 1927 च्या यांकीजना 2-1 असं हरवलं. सामना झाला आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि शिकागोच्या वतीने फासे टाकत होत्या माझ्या सासूबाई, म्हणजे आई.

दिवाळीनंतर मांडलेली ही माझी फाशांवरच्या बेसबॉलची लीग. सहा संघ: हे दोन, शिवाय पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स 1935, सेंट लुइस कार्डिनल्स 1968, सिनसिनाटी रेड्स 1975 आणि सिअ‍ॅटल मरिनर्स 2001. प्रत्येक जोडीचे सहा सामने, म्हणजे एकूण 90. सामन्याला अर्धा-पाऊण तास लागतो. बाहेर घोट्याच्या वर बर्फ साचलेला असताना याहून चांगला उद्योग मला सुचत नाही. घरातल्या बाकीच्यांना मात्र बरेच सुचतात.

खेळाचं नाव स्ट्रॅट-ओ-मॅटिक. 1961 पासून चालत आलाय. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, त्यावर त्याच्या एका मोसमाची जणू कुंडली. तीन फासे टाकायचे. पांढऱ्यावर एक ते तीन पडले तर बॅटरच्या कार्डावरचा तो रकाना बघायचा, चार ते सहा पडले तर पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, कार्डावरचा. उरलेल्या दोन लाल फाशांची बेरीज करून त्या रकान्यातली ओळ वाचायची. शाळेत मागच्या बाकावर पुस्तक उघडून पानाच्या शेवटच्या आकड्यावर धावा काढायचो, त्याचाच हा थोरला भाऊ. फरक एवढाच, की पुस्तकातल्या क्रिकेटमध्ये गावसकर आणि चंद्रशेखर दोघांनाही षटकाराची संधी सारखीच असायची.

आईंना बेसबॉल कळत नाही, पण दान कळतं. लहानपणी सारीपाट खेळलेला हात आहे. फासे मुठीत धरून आधी पुटपुटतात, मग टाकतात. शिकागो त्यांचा कसा झाला, ते लिहून ठेवायला हवं. मॉर्डेकाय ब्राउनचं कार्ड हातात घेऊन मी म्हटलं, "आई, हा तीन बोटांचा पिचर."

"तीन बोटांचा म्हणजे?"

इंडियानातल्या शेतावरचं पोर. जनावरांचा चारा कापायच्या यंत्रात हात गेला...

"कडबाकुट्टीत!" त्या एकदम म्हणाल्या. "आमच्या माहेरी एकाची दोन बोटं गेली होती तशी. जन्मभर हात धोतरात लपवून बसायचा बिचारा."

या पोराने हात लपवला नाही. तर्जनी गेली, पुढे पडून उरलेली बोटंही मोडली, ती वेडीवाकडी जुळली आणि त्या वाकड्या बोटांतून सुटलेला चेंडू ऐन वेळी खाली डुबकी मारायला लागला. 1906 मध्ये त्याने, क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून, दर नऊ इनिंगमागे, म्हणजे पूर्ण सामन्यामागे, सरासरी 1.04 रन दिले. हे ऐकून आईंनी कार्ड माझ्या हातून काढूनच घेतलं. "हा माझा."

आजचा निकाल मात्र मला खुपतोय. 1927 साली यांकीजच्या बेब रूथने एकट्याने 60 होमरन मारले. होमरन म्हणजे आपल्या षटकारासारखा. त्या वर्षी अमेरिकन लीगच्या दुसऱ्या कुठल्याही अख्ख्या संघाला तेवढे जमले नाहीत. 1906 च्या शिकागोचे मोसमभराचे होमरन सगळे मिळून 20. तेव्हा एकच चेंडू मळून, थुंकी लागून, मऊ पडेपर्यंत वापरायचे. तो लांब जाणार कसा? 1920 मध्ये रे चॅपमन हा बॅटर डोक्याला चेंडू लागून वारला, त्यानंतर मळके चेंडू बदलायला लागले. म्हणजे ब्राउनच्या कार्डावर होमरनची ओळ जवळजवळ नाहीच, कारण त्याच्या काळात कुणी मारतच नव्हतं. आणि निम्मी दानं तर पिचरच्याच कार्डावर जातात. रूथ आज तीनदा बाद झाला तो ब्राउनमुळे, की त्या मळक्या चेंडूमुळे?

सेंट लुइसचा पिचर बॉब गिब्सन, त्याचंही तेच. 1968 मध्ये सामन्यामागे 1.12 रन. पण तेव्हा पिचर ज्यावरून चेंडू टाकतो तो उंचवटा 15 इंच असायचा. ते वर्ष पिचरांनी इतकं गाजवलं की पुढच्या मोसमापासून तो 10 इंचांवर आणला. माझ्या टेबलावर उंचवटा किती इंचांचा, हे कार्डाला विचारून उपयोग नाही. कार्ड फक्त सांगतं, की आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत हा माणूस किती उठून दिसत होता. 1906 चे शेजारी वेगळे, 2001 चे वेगळे.

आईंना यातलं काही खुपत नाही. त्यांनी उरलेली तिळाची वडी ब्राउनच्या कार्डासमोर ठेवली होती. मग स्वतःच खाल्ली.

मंगळवार, 20 जानेवारी

आज क्रॉफर्ड्सच्या जॉश गिब्सनला जाऊन 79 वर्षं झाली. वय अवघं 35. इथल्याच अ‍ॅलेगेनी दफनभूमीत पुरलंय त्याला. म्हणून आज मुद्दाम क्रॉफर्ड्स आणि यांकीज लावले.

दोन गिब्सन झाल्यामुळे आईंचा गोंधळ व्हायचा. (नातं काही नाही.) मग त्यांनी पेशव्यांसारखी सोय लावली: जॉश ते थोरले गिब्सन, बॉब ते धाकटे. धाकटे जन्मलेच 1935 साली.

क्रॉफर्ड्सची कार्डं मी स्वतः बनवली आहेत. कृष्णवर्णीयांच्या लीगचे मोसम छोटे, आकडे तुटपुंजे. माझा हात थोडा सैल सुटला असेल, कबूल. पण जॉश गिब्सन, ऑस्कर चार्ल्सटन, जूडी जॉन्सन आणि कूल पापा बेल एकाच संघात असताना हात आखडायचा तरी कसा?

पाचव्या इनिंगला जॉशने होमरन मारला. आईंनी विचारलं, "हे सगळे वेगवेगळ्या काळातले, म्हणून कधी भेटले नाहीत. बरोबर?"

"हो."

"आणि हे दोघं?" त्यांनी एक बोट रूथवर ठेवलं, एक जॉशवर.

इथे माझी पंचाईत झाली. हे दोघं एका काळातले. काळच काय, एका गावातले म्हटलं तरी चालेल. 25 मे 1935 ला रूथने आयुष्यातले शेवटचे तीन होमरन मारले, 712, 713 आणि 714, ते याच शहरात, फोर्ब्स फील्डवर. त्या मैदानाची विटांची भिंत ऑक्टोबरमध्ये आईंना दाखवून आणली होती. तिथून गाडीने दहा मिनिटांवर, हिल भागात, बेडफर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ग्रीनली फील्ड होतं. त्याच मोसमात जॉश तिथे खेळत होता. 1938 मध्ये ते पाडून घरं बांधली. भिंतसुद्धा राहिली नाही.

मी कारण सांगितलं. आईंनी बोटं उचलली नाहीत.

"काळा म्हणून?"

"हो. जॉश गेला जानेवारी 1947 मध्ये. या शतकातल्या पहिल्या काळ्या खेळाडूला, म्हणजे विसाव्या, जॅकी रॉबिन्सनला, मोठ्या लीगने एप्रिलमध्ये उतरवलं."

"तीन महिने," त्या म्हणाल्या.

मला दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळू आठवले. पुण्यात गोऱ्यांना आणि सवर्णांना त्यांची डावखुरी फिरकी हवी होती, पण चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेऊन आले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं नाही. मी हे सांगितलं. आई म्हणाल्या, "आमच्याकडे माळ्यावर वेगळे कप होते. मीच धुवायला घ्यायची नाही." मग म्हणाल्या, "टाक पुढचं."

2024 मध्ये मेजर लीगने, म्हणजे त्याच मोठ्या लीगने, कृष्णवर्णीयांच्या लीगचे आकडे आपल्या अधिकृत नोंदींत घेतले. जॉशची कारकिर्दीची बॅटिंग सरासरी .372, तोवर पहिल्या असलेल्या टाय कॉबच्या वर, पहिल्या क्रमांकावर. रूथसमोर तो खेळला असता तर काय झालं असतं, ते मात्र माझ्या टेबलावरचे फासेच सांगतात, आणि त्यांचं म्हणणं दर सामन्याला बदलतं.

शनिवार, 31 जानेवारी

रेड्स सपाटून हरताहेत. का, कळत नाही. सिअ‍ॅटल पहिलं. 2001 मध्ये त्यांनी 116 सामने जिंकले, शिकागोनेही 1906 मध्ये 116 च. शिकागो शेवटी वर्ल्ड सीरिज, म्हणजे अंतिम मालिका, गावातल्याच व्हाइट सॉक्सकडून हरलं आणि सिअ‍ॅटल तर तिथवर पोचलंच नाही. आई म्हणाल्या, "एवढं राबून दोघांच्या घरी दिवाळी नाहीच."

शनिवार, 28 फेब्रुवारी

आई परत गेल्याला दोन आठवडे झाले. 89 सामने झालेत. यांकीज आणि क्रॉफर्ड्स यांचा शेवटचा उरलाय आणि पांढरा फासा सापडत नव्हता. सोफ्याखाली, धुण्याच्या टोपलीत, सगळीकडे बघून झालं. परवा आईंचा फोन: "अगं, तो पांढरा फासा माझ्या बटव्यात आलाय. सुपारीत."

दुसरा फासा पाच मिनिटांत मिळाला असता. पण आज सकाळी व्हिडिओ कॉल लावला. पांढरा त्या सांगलीत टाकणार, लाल दोन मी इथे. तिकडे रात्रीचे नऊ.

सातव्या इनिंगला 3-3. दोन बाद, पहिल्या बेसवर बेल, बॅटिंगला थोरले गिब्सन. आईंनी पुटपुटून फासा टाकला. तो घरंगळत कॉटखाली गेला.

"थांब गं," म्हणून त्यांनी फोन गादीवर ठेवला. मी लाल फासे मुठीत धरून बसले होते आणि स्क्रीनवर बराच वेळ नुसता छताचा पंखा फिरत होता.